सुचेताबाईंची लांब प्रार्थना

भाईंदर पूर्वेच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत प्रार्थना सगळेच करत, पण सुचेताबाई प्रार्थना करणार म्हटलं की लोक आधी नीट बसून घेत. कोणी पाठीशी उशी घेई, कोणी मोबाइल बंद करी, घरची बाई आत जाऊन गॅस बारीक करून येई. ती प्रार्थना लवकर संपत नसे. आणि खरं सांगायचं तर ती लवकर संपावी असं कोणाला वाटतही नसे.

दर गुरुवारी संध्याकाळी मंडळीतल्या एकेका घरी घरप्रार्थना असायची. एखादं गीत, थोडं वाचन, पाळकसाहेबांचे दोन शब्द, मग विनंत्या. कोणी म्हणे सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी, कोणी म्हणे मुलाच्या नोकरीसाठी. सगळ्या विनंत्या झाल्या की पाळकसाहेब म्हणत, "सुचेताताई, तुम्ही चालवा." मग सुचेताबाई पदर डोक्यावर घेत, डोळे मिटत आणि सुरू करत.

"हे दयाळू पित्या, तू तर जाणतोसच..."

एवढं ऐकलं की खोलीतले निम्मे डोळे किलकिले होत. कारण पुढे जे यायचं ते देवाला ठाऊक असलं तरी बाकीच्यांना ठाऊक नसे. "तू तर जाणतोसच, प्रभू, की केबिन रोडवर दुकान असलेल्या आमच्या एका भावाने ती बाटली पुन्हा जवळ केली आहे. त्याचं नाव घेत नाही, प्रभू." नाव घ्यायची गरजच नव्हती. मंडळीत केबिन रोडवर दुकान एकाचंच होतं.

घरी परतताना त्यांचे यजमान उत्तमराव हळूच म्हणत, "आजच्या बातम्या चांगल्या झाल्या."

"अहो, काहीतरी काय बोलता? प्रार्थना होती ती."

"हो ना. म्हणून तर डोळे मिटून ऐकल्या."

सुचेताबाई हसून सोडून देत. उत्तमरावांना कोणतीच गोष्ट सरळ बोलता येत नाही, हे त्यांनी लग्नानंतर लगेचच ओळखलं होतं. आणि आपण काही वावगं करतोय असं त्यांच्या मनाला कधी शिवलंही नव्हतं. त्या माणसांवर जीव लावणाऱ्या होत्या. कोणी आजारी पडलं की तांदळाची पेज घेऊन पहिल्या पोचायच्या त्याच. म्हणून लोक त्यांच्याजवळ मन मोकळं करत, आणि त्यांचं मन भरून येई, आणि भरलेलं मन गुरुवारी ओसंडून वाही.

शिवाय त्या शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात, शिकवायच्या. मंडळीची उपासना एका शाळेच्या हॉलमध्ये भरायची, आणि शेजारच्या वर्गात लहान बाकांवर सुचेताबाईंची मुलं बसायची. मंडळीतली निम्मी तरुण पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यात रुचिता त्यांची विशेष लाडकी. पाच वर्षांची असताना ती नाताळच्या कार्यक्रमात मेंढरू झाली होती आणि संवाद विसरल्यावर जागच्या जागी बें बें करत राहिली होती. आता ती अंधेरीला नोकरीला होती, आणि वसईच्या स्वप्नीलशी तिचा साखरपुडा झाला होता.

एका रविवारी उपासना सुटल्यावर रुचिताने त्यांना जिन्याखाली गाठलं.

"मावशी, एक सांगायचंय. पण कोणाला बोलू नका, प्लीज."

"अगं, मी कोणाला कशाला बोलेन?"

"लग्न करावं की नाही, मला कळेनासं झालंय. स्वप्नील वाईट नाहीये हो. माझंच मन ठरत नाहीये. घरी अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही फक्त माझ्यासाठी प्रार्थना करा."

सुचेताबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "रोज करीन, बाळा."

आणि शब्द दिल्याप्रमाणे त्या कोणालाही बोलल्या नाहीत. उत्तमरावांनाही नाही. त्या फक्त देवाला बोलल्या. गुरुवारी, भर बैठकीत, मोठ्याने.

"तू तर जाणतोसच, प्रभू, की आमच्यातल्या एका मुलीच्या बोटात अंगठी आहे, पण मनात शंका आहे. तिचं नाव घेत नाही, प्रभू. तिला योग्य मार्ग दाखव..."

मंडळीत त्या वर्षी साखरपुडा एकाच मुलीचा झाला होता. आणि सुचेताबाईंच्या अगदी समोर, हात जोडून, विमलाबाई बसल्या होत्या. विमलाबाई म्हणजे स्वप्नीलची सख्खी आत्या. हे स्थळ त्यांनीच जमवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा होण्याआधी विमलाबाईंचा फोन वसईला गेला. जेवणाआधी वसईचा फोन रुचिताच्या आईला, ममताला आला. संध्याकाळी रुचिता कामावरून घरी पोचली तेव्हा दोन्ही घरं तिचीच वाट बघत होती, एक समोर आणि एक स्पीकरवर. दुसरा मुलगा आहे का, कोणी भरवलं, हॉल बुक केलाय त्याचं काय, आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. मनातली गोष्ट मनातच नीट लावायची तिला सवड हवी होती, ती गेली.

ही बातमी सुचेताबाईंना ममताने कळवली. तशाच चप्पल घालून त्या निघाल्या, पूल ओलांडून पश्चिमेला रुचिताच्या घरी पोचल्या. रुचिता खिडकीपाशी बसली होती. डोळे सुजलेले.

"रुचिता, अगं, मी कोणाला काही सांगितलं नाही गं. देवाशपथ नाही. मी नुसती प्रार्थना केली."

रुचिताने मान वर केली. आवाज चढवला असता तर सुचेताबाईंना बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, तुम्ही यापुढे माझ्यासाठी प्रार्थना करू नका."

"असं काय बोलतेस? कोणी असं म्हणतं का?"

"मी म्हणतेय. माझं नाव घेऊ नका. नाव न घेता पण नको."

सुचेताबाई पूल उतरून घरी आल्या तोवर त्यांचे डोळे ओले होते, पण मनात राग होता. एवढी पेज नेली, एवढं शिकवलं. चांगलं करायला जावं तर हे. विमलाबाईंना गप्प बसता आलं नाही, त्याला मी काय करू? उत्तमरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. त्यामुळे त्या जास्तच चिडल्या.

"बोला ना काहीतरी."

"काय बोलू? तूच रडतेयस आणि तूच भांडतेयस. एक काय ते ठरव."

रविवारी त्या शब्बाथशाळेत गेल्या. विषय होता दुसऱ्यांसाठी प्रार्थना. त्यांच्या आवडीचा. मुलांनी एकेक करून, आपल्या शेजारी बसलेल्यासाठी प्रार्थना करायची असं ठरलं. सगळ्यात आधी हात वर केला इशिताने. ही सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, आणि गुरुवारच्या बैठकांना आजीच्या मांडीला टेकून न चुकता बसणारी. तिने ओढणी नव्हती म्हणून हातरुमाल डोक्यावर घेतला, डोळे मिटले, आणि आवाज खाली आणला.

"हे दयाळू पित्या, तू तर जाणतोसच, की माझ्या बाकावर जो मुलगा बसलाय तो अजून झोपेत गादी ओली करतो..."

वर्गात कोणीतरी खुदकन हसलं.

"त्याचं नाव घेत नाही, प्रभू. त्याच्या मम्मीने माझ्या मम्मीला सांगितलंय, कोणाला सांगू नका म्हणून. तिला पण शांती दे, प्रभू, कारण रोज गादी वाळत घालून तिची कंबर दुखते..."

बाकावर इशिताच्या शेजारी सूरज होता. दुसरं कोणीच नव्हतं. त्याचे कान आधी लाल झाले, मग मान, आणि मग तो सरळ बाकाखाली गेला.

"इशिता, पुरे," सुचेताबाई म्हणाल्या. "अशी प्रार्थना नसते करायची."

इशिताने एक डोळा उघडला. "मग कशी? तुमच्यासारखीच तर केली. आजी म्हणते, सुचेतामावशीसारखी प्रार्थना सगळ्या मंडळीत कोणाला येत नाही."

तिच्या आवाजात जराही खट्याळपणा नव्हता. शाबासकीची वाट बघत होती ती पोर.

सुचेताबाईंनी बाकाखाली पाहिलं. सूरज गुडघ्यात डोकं घालून बसला होता. खिडकीपाशी बसलेली रुचिता त्यांना आठवली नाही, ती त्यांना तिथेच दिसली. आणि इतकी वर्षं ज्याला त्या प्रेम म्हणत आल्या होत्या त्याच्या आत काय होतं, तेही दिसलं. 'तू तर जाणतोसच' म्हटल्यावर खोलीत जी शांतता पसरायची, ती त्यांना आवडायची. सगळ्यांचे कान आपल्याकडे लागलेत, हे डोळे मिटूनही कळायचं. ते बोलणं देवाशी नव्हतंच. देवाला तर सगळं आधीच ठाऊक होतं.

त्या खाली वाकल्या, गुडघे कुरकुरले तरी वाकल्या, आणि बाकाखाली शिरण्याइतक्या बारीक नसल्यामुळे बाहेरच फरशीवर बसल्या.

"सूरज, चूक इशिताची नाही. माझी आहे. अशी प्रार्थना तिला मी शिकवली. माफ करशील?"

 थोड्या वेळाने बाकाखालून एक हात आला. तो त्यांनी धरला.

"आता नवीन शिकू या," त्या मुलांना म्हणाल्या. "मलाही येत नाही. सगळे मिळून शिकू."

पण कसं शिकायचं? 'मनात प्रार्थना करा' म्हटलं तर मुलं ओठ हलवत. ओठ मिटा म्हटलं तर शेजाऱ्याच्या कानात कुजबुजत. तेव्हा सुचेताबाईंनी पर्स उघडली. त्यांना पित्ताचा त्रास, म्हणून लिमलेटच्या गोळ्या जवळ असत. त्यांनी एकेक गोळी मुलांच्या हातावर ठेवली.

"ही तोंडात धरायची. चावायची नाही. ती विरघळेपर्यंत एका माणसाची आठवण काढायची आणि देवाला म्हणायचं, याचं भलं कर. बोललात तर गोळी बाहेर पडेल."

"कशासाठी भलं कर ते नाही सांगायचं?" इशिताने विचारलं.

"त्याला ठाऊक असतं गं. आपण सांगितल्यावर कळायला तो काय शेजारी आहे?"

वर्ग गप्प झाला. गालांचे फुगे इकडून तिकडे होऊ लागले. सूरज बाकाखालून बाहेर आला, कारण गोळी बाहेर वाटली जात होती. सुचेताबाईंनी स्वतःही एक तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि कितीतरी वर्षांनी देवासमोर नुसत्या गप्प बसल्या. त्यांना रडू आलं. गोळी आंबट आहे असं मुलांना वाटलं.

त्याच दिवशी त्या पुन्हा पूल ओलांडून गेल्या. ममताने दार उघडलं, रुचिता आतून बाहेर आली. सुचेताबाई बसल्या नाहीत.

"मागच्या वेळी मी म्हटलं, मी नुसती प्रार्थना केली. ते खोटं होतं. मी चारचौघांत तुझी गोष्ट सांगितली आणि वर देवाचं नाव लावलं. मी पाप केलं, रुचिता. तुझी माफी मागायला आलेय. विमलाबाईंचं काय ते त्या बघतील."

 "बरं," रुचिता म्हणाली.

"आणि तू सांगितलंयस ते मी पाळीन. प्रार्थना करणार नाही."

"बरं," ती पुन्हा म्हणाली. एवढंच.

गुरुवारची बैठक नेमकी विमलाबाईंच्या घरी होती. खोली गच्च भरली होती. रुचिताचं पुढे काय झालं हे समजायचा दुसरा मार्ग कोणाकडे नव्हता. पाळकसाहेब म्हणाले, "सुचेताताई, तुम्ही चालवा," आणि लोक नीट सरकून बसले.

सुचेताबाई उभ्या राहिल्या. पदर घेतला नाही, डोळेही मिटले नाहीत.

"चालवण्याआधी एक सांगायचंय. इतकी वर्षं मी इथे प्रार्थनेच्या नावाखाली लोकांच्या घरातल्या गोष्टी तुम्हाला पुरवल्या. केबिन रोडवाल्या भाऊंची मी काल दुकानात जाऊन माफी मागितली. ज्यांची राहिलीय त्यांच्या घरी येईनच. यापुढे मी असं करणार नाही."

कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. विमलाबाईंनी घसा साफ केला.

"म्हणजे ऐकणारे आम्ही पण पापी, असंच ना?"

"मी माझं सांगतेय, विमलाबाई."

"नाही, पण माझ्या घरात बसून सांगताय."

"तुमच्या घरी पाळी होती म्हणून. आमच्याकडे असती तर आमच्या घरी सांगितलं असतं."

उत्तमराव मागून म्हणाले, "आमच्याकडे खुर्च्या कमी आहेत, तेवढं बरं झालं." लोक हसले, विमलाबाईंच्याही तोंडाचा एक कोपरा हलला, आणि पाळकसाहेबांनी खाली बघत हळूच डोळे पुसले. त्या दिवशी सुचेताबाईंची प्रार्थना इतकी लहान झाली की चहा अजून तयार व्हायचा होता.

पण खरी कसोटी घरी होती. रोज सकाळी चहाच्या टेबलाशी नवराबायको प्रार्थना करायचे. सुचेताबाई एकेकाचं नाव घेत जायच्या, आणि रुचिताच्या नावापाशी त्यांची जीभ अडखळायची. रोज करीन असा शब्द दिला होता, आणि करणार नाही असाही. एकदा त्या म्हणाल्या, "आणि प्रभू, जिचं नाव मला घ्यायचं नाहीये..."

उत्तमरावांनी डोळे उघडले. "हे तेच झालं."

"काय तेच?"

"नाव घेत नाही, प्रभू."

 "मग करू काय? ती पोर तिकडे एकटी पडलीय."

"एकटी आहे की नाही ते आपल्याला माहीत नाही. तिने नको म्हटलंय, तर नको. पुढचं नाव घे."

त्यांनी पुढचं नाव घेतलं. असे बरेच दिवस गेले. माणसासाठी बोलणं सोपं असतं हे त्यांना ठाऊक होतं. माणसासाठी गप्प बसणं किती जड जातं हे त्या आता, साठी उलटल्यावर, शिकत होत्या. मधल्या काळात वसईच्या वार्ता येत होत्या. स्वप्नील आणि रुचिता भेटले म्हणे. नाही म्हणे. हॉलची तारीख बदलली म्हणे. सांगण्यासारखं काही घेऊन विमलाबाई जिन्यात दोनदा थांबल्या, पण सुचेताबाईंनी एकदाही विचारलं नाही. विचारायची इतकी इच्छा व्हायची की त्या दिवशी घरातले सगळे डबे घासून निघत.

मग एका रविवारी, शब्बाथशाळा चालू असताना, वर्गाच्या दारात रुचिता उभी दिसली. आत सगळी मुलं गाल फुगवून, डोळे मिटून बसली होती. पाळकसाहेबांचा उपदेश भिंतीपलीकडून ऐकू येत होता, आणि या बाजूला फक्त गोळ्या चोखल्याचा आवाज.

"हे काय चाललंय?" तिने कुजबुजत विचारलं.

इशिताने गोळी हातावर काढली. "प्रार्थना. बोलायचं नाही. बोललं की पडते." आणि गोळी पुन्हा आत टाकली.

रुचिताला हसू आवरेना. ती ओठ दाबत, अंग चोरून सूरजच्या शेजारी लहान बाकावर बसली, गुडघे हनुवटीला लागले. सुचेताबाईंनी तिच्यासमोर गोळ्यांची पुडी धरली. तिने एक घेतली.

वर्ग सुटला, मुलं धावत खाली गेली. दोघीच उरल्या.

"मावशी, तुम्ही खरंच नाही केलीत? माझ्यासाठी?"

"नाही केली."

"एकदाही?"

"एकदा आडून करायला गेले होते. तुझ्या काकांनी पकडलं." त्या थांबल्या. "जड गेलं, रुचिता. पण तू नको म्हणाली होतीस."

रुचिताने बाकावरचा खडूचा तुकडा उचलला आणि फिरवत राहिली. "मला वाटलं होतं, तुम्ही ऐकणार नाही. मोठी माणसं म्हणतात, तू नको म्हटलंस तरी आम्ही करणार, आमचं प्रेम आहे. तुम्ही ऐकलंत." मग ती म्हणाली, "आता करा. माझं नाव घ्या."

सुचेताबाईंनी मान हलवली. 

"कशासाठी ते विचारणार नाही?"

"नको."

"मला सांगायचंय पण."

"मग सांग."

रुचिताने सांगितलं. जवळ बसून, खालच्या आवाजात, बराच वेळ. मध्ये ती हसली, मध्ये तिने नाक पुसलं, आणि शेवटी दोघी एकदमच हसल्या. खाली जिन्याशी विमलाबाई छत्री दुरुस्त करत उभ्या होत्या. ती छत्री मोडलेली नव्हती.

"बराच वेळ लागला वर," त्या म्हणाल्या.

"हो, लागला," सुचेताबाई म्हणाल्या. "चला, येताय का? रिक्षा एकच करू."

रिक्षात विमलाबाई सबंध रस्ताभर गप्प होत्या. उतरताना मात्र म्हणाल्या, "बरी आहे ना पोर? तेवढंच सांगा."

"ते तिलाच विचारा, विमलाबाई. फोन करा तिला. तुम्ही बोललात तर तिला आवडेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमरावांनी चहा ओतला. सुचेताबाईंनी डोळे मिटले. एकेक नाव घेत त्या रुचितापाशी आल्या.

"रुचिता," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

उत्तमराव वाट बघत राहिले. पुढचं नाव येईना. बाहेर दूधवाल्याची सायकल गेली, वरच्या मजल्यावर कोणीतरी बादली सरकवली. त्यांनी एक डोळा उघडून पाहिलं. सुचेताबाईंचा चेहरा असा होता की त्यांनी तो डोळा पुन्हा मिटून घेतला, आणि रुचिताचं काय आहे ते काहीही माहीत नसताना तेही तिच्यासाठी गप्प बसले.

चहा पार थंड झाला. त्यांनी तो गरम करून आणला, आणि कशाबद्दलही काही विचारलं नाही.